ज्याची भूक, त्याचं माप

संध्याकाळी सात-साडेसातला कुठल्याही वस्तीतून चाललं, की एक वाक्य हमखास कानावर येतं. “एवढा एकच घास, मग झालं.” त्या एका घासानंतर चिऊचा घास येतो, मग काऊचा, मग मामाचा. भरवणारी आई, आजी किंवा बाबा दिवसभराच्या कामानं थकलेले असतात, तरी वाटी हातात धरून लेकरामागे फिरतात. यामागची माया खरी आहे, तिला कुणी नावं ठेवू नयेत. पण त्याच वेळी लेकरू काय करतंय, तेही पाहावं. ते तोंड फिरवतं, ओठ घट्ट मिटतं, चमचा हातानं दूर सारतं. बोलता येत नसलं, तरी पोट भरल्याचं ते अगदी स्पष्ट सांगत असतं. मुलांना जेवणाचं प्रमाण शिकवायचं असेल, तर त्यांच्या या सांगण्यावर विश्वास ठेवण्यापासून सुरुवात करावी लागते.

“आमचं बाळ काही खातच नाही,” ही तक्रार साधारण कोणत्या वयात सुरू होते, हे आठवून पाहा. बहुतेक घरांत ती पहिल्या वाढदिवसानंतर सुरू होते. त्याला कारण आहे. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जन्मवजनाच्या जवळजवळ तिप्पट होतं. तीन किलोचं बाळ वर्षाचं होईतो नऊ किलोंच्या आसपास पोहोचतं. त्यानंतर वाढीचा वेग निसर्गतःच मंदावतो. दुसऱ्या वर्षात दोन-अडीच किलो, आणि पुढे शाळेत जाईपर्यंत वर्षाला साधारण दोन किलो वजन वाढतं. वाढ मंदावली की भूकही कमी होते. आई-वडिलांच्या डोळ्यांसमोर मात्र पहिल्या वर्षाचं अधाशी बाळ असतं, म्हणून त्यांचा जीव खालीवर होतो. त्यात या वयाच्या मुलांची भूक रोज सारखी नसते. काल दीड पोळी खाणारं मूल आज अर्ध्या पोळीवर उठतं आणि परवा भाताला दोनदा हात पुढे करतं. एका जेवणावरून हिशोब मांडला तर काळजी वाटते. आठवडाभराचं खाणं एकत्र पाहिलं, तर बहुतेक वेळा ते ठीक असतं.

मुलांच्या या आतल्या जाणिवेची एक विलक्षण परीक्षा अमेरिकेत झाली होती. क्लारा डेव्हिस नावाच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी १९२६च्या सुमारास नुकतंच अंगावरचं दूध सुटलेल्या बाळांवर एक प्रयोग सुरू केला. फळं, भाज्या, धान्यं, अंडी, मांस, दूध असे साधे पदार्थ वेगवेगळ्या वाट्यांत बाळासमोर ठेवले जात. शेजारी बसलेल्या परिचारिकेला सक्त ताकीद असे, की काही सुचवायचं नाही आणि भरवायचंही नाही. बाळानं एखाद्या वाटीकडे हात नेला, तरच तिनं चमचा भरायचा. बाळानं तोंड उघडलं तर घास द्यायचा, नाही तर नाही. पंधरा मुलांच्या या नोंदी डेव्हिसबाईंनी १९३९ साली मांडल्या. मुलांची निवड मोठ्या माणसांना चक्रावून टाकणारी होती. कुणी न्याहारीला संत्र्याचा रस आणि कलेजी खाल्ली, कुणी रात्री नुसती अंडी, केळी आणि दूध. एकाचं खाणं दुसऱ्यासारखं नव्हतं. तरी मुलं छान वाढली. मुडदूस झालेल्या एका बाळासाठी कॉड माशाचं तेलही ठेवलं होतं, ते त्यानं आपणहून घेतलं, आणि हाडं सुधारल्यावर ते घेणं सोडून दिलं.

ही गोष्ट ऐकून “मग मुलांना हवं ते खाऊ द्यावं” असं कुणी म्हणेल, तर ते चुकेल. या प्रयोगाची किल्ली पदार्थांच्या यादीत होती, आणि डेव्हिसबाईंनी ते स्वतःच सांगून ठेवलं आहे. त्या यादीत साखर नव्हती, डबाबंद पदार्थ नव्हते, तळलेलं-खारवलेलं काही नव्हतं. यादी जाणत्या माणसानं केली होती. किती खायचं, तेवढं बाळावर सोडलं होतं.

पुढे आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी नेमकी हीच कामाची वाटणी पालकांसाठी मांडली. आपल्या घरच्या भाषेत ती अशी. काय शिजवायचं, किती वाजता वाढायचं, कुठे बसून जेवायचं, हे मोठ्यांनी ठरवावं. त्यातलं किती खायचं, हे मुलानं ठरवावं. ऐकायला सोपी वाटणारी ही वाटणी पाळायला अवघड आहे, कारण बऱ्याच घरांत ती उलटी झाली आहे. काय खायचं ते मूल ठरवतं, म्हणून मॅगी होते. किती खायचं ते आई ठरवते, म्हणून वाटी घेऊन मागे फिरावं लागतं. दोघंही दुसऱ्याचं काम करत बसतात आणि दोघंही दमतात.

जेवणाचं प्रमाण शिकवायला योग्य वय कोणतं, याचं उत्तरही एका अभ्यासात सापडतं. पेनसिल्व्हेनियातल्या संशोधक बार्बरा रोल्स, लिअन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली तीन आणि पाच वर्षांच्या मुलांना एकच पदार्थ कधी लहान, कधी मध्यम, कधी मोठ्या प्रमाणात वाढून पाहिला. तीन वर्षांच्या मुलांना ताटातल्या ढिगाचं काही सोयरसुतक नव्हतं. कितीही वाढलं तरी ती जवळपास तेवढंच खात. पाच वर्षांची मुलं मात्र जास्त वाढलं की जास्त खात. मधल्या दोन वर्षांत बाहेरच्या गोष्टींचं वजन वाढलेलं असतं. ताट केवढं आहे, घड्याळात किती वाजले, समोर कुठलं कार्टून चालू आहे, आजी काय म्हणते आहे, हे सगळं पोटाच्या आवाजापेक्षा मोठं होतं. म्हणून बालवाडीची दोन-तीन वर्षं फार मोलाची आहेत. या वयात मुलाला नवं काही शिकवण्यापेक्षा त्याला जे उपजत येतं, ते पुसलं जाणार नाही याची राखण करायची असते.

आपल्याकडे हा विचार मुळीच परका नाही. चरकसंहितेत आहाराचं प्रमाण माणसाच्या जठराग्नीच्या बळावर सोडलं आहे, म्हणजे ज्याचा त्याचा अग्नी तसं ज्याचं त्याचं माप. अष्टांगहृदयात पोटाचे चार भाग कल्पून दोन भाग अन्नाला, एक पाण्याला आणि एक मोकळा ठेवायला सांगितला आहे. गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्याला आणि मुळीच न खाणाऱ्याला, दोघांनाही योग साधत नाही असं म्हटलं आहे. पोथीतला हा समतोल आपल्या पंगतीतही उतरलेला होता. पानाच्या वरच्या टोकाला चिमूटभर मीठ, डाव्या हाताला लिंबाची फोड, बोटभर चटणी, चमचाभर कोशिंबीर, उजवीकडे भाजी आणि उसळ, मधोमध वरण-भाताची छोटी मूद. पहिलं वाढप बेताचंच असे. वाढपी पुन्हा पुन्हा फिरत असे आणि ज्याला हवं तो मागून घेत असे. आधी थोडं वाढायचं आणि मागितल्यावर पुन्हा द्यायचं, ही मुलांसाठी आजही सर्वांत चांगली पद्धत आहे.

पंगतीतल्या दोन गोष्टींचा मात्र नव्यानं विचार करायला हवा. पहिली गोष्ट म्हणजे आग्रह. पाहुण्याला एक जिलबी आग्रहानं वाढणं हा जिव्हाळा असतो, आणि पाहुणा हसून पानावर हात आडवा धरू शकतो. चार वर्षांच्या मुलाला ती सोय नसते. दुसरी गोष्ट म्हणजे पानात टाकायचं नाही हा नियम. नियम सोन्यासारखा आहे, तो मोडू नये. फक्त तो वाढतानाच लागू करावा. मोठ्यांनी आपल्या अंदाजानं ताट भरायचं आणि ते संपवण्याची सक्ती मुलावर करायची, यात अन्नाचा मान राखला जातो असं वाटतं, पण मुलाच्या पोटाचा मान जातो. मुलाला स्वतःला घेऊ द्यावं, थोडं घ्यायला सांगावं, आणि जे घेतलं ते संपवायची सवय लावावी. मग टाकणंही थांबतं आणि कोंबणंही.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं? एका छोट्या वाटीत वरण काढून ताटाशेजारी ठेवा आणि सोबत मुलाच्या हातात मावेल एवढी लहान पळी द्या. पहिल्या दिवशी ते दोन्ही हातांनी पळी धरेल, जीभ बाहेर काढून, श्वास रोखून वरण भातावर ओतेल. थोडं ताटाबाहेर सांडेल. पुसायला फडकं जवळ ठेवा आणि काही बोलू नका. हळूहळू त्याला आपल्या भाताला किती वरण लागतं ते कळू लागेल. भाकरी असेल तर त्याला विचारा, “चतकोर देऊ की अर्धी?” चतकोर खाऊन ते पुन्हा हात पुढे करेल, तेव्हा आणखी चतकोर द्या. एक चतकोर आणि आणखी एक चतकोर मिळून अर्धी होते, हेही त्याला तिथेच कळून जाईल. जेवण मध्यावर आलं की “संपलं का?” असं विचारण्याऐवजी “पोटात अजून जागा आहे का?” असं विचारा. या प्रश्नानं मुलाचं लक्ष ताटावरून स्वतःच्या पोटाकडे वळतं. पोट भरल्याची जाणीव व्हायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, म्हणून घाई नको, आणि मोबाइल तर नकोच. पडद्याकडे पाहत जेवणाऱ्याला आपण काय खाल्लं हे नीट आठवत नाही, मग किती खाल्लं हे कसं कळावं?

मोजायचंच झालं, तर मुलाचा हात हेच त्याचं माप. त्याच्या मुठीएवढा भात, त्याच्या तळव्याएवढं अंड्याचं आम्लेट, मासा किंवा पनीर, आणि त्याची ओंजळ भरेल एवढी भाजी किंवा फळांच्या फोडी. हा ठोकताळा आहे, तराजू नव्हे. पण मूल वाढतं तशी मूठही वाढते, म्हणून तो कामाचा आहे. बाबांच्या मुठीएवढा भात तिच्या ताटात का नको, हे पाच वर्षांच्या मुलीला दोन मुठी शेजारी धरून लगेच दाखवता येतं.

आकड्यांत सांगायचं, तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं चार ते सहा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सुमारे १२० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, अर्धा लिटर दूध किंवा त्याचे पदार्थ, १०० ग्रॅम फळ, आणि पालेभाजी, फळभाजी, कंद मिळून अडीचशे ग्रॅम भाज्या असा अंदाज २०११च्या मार्गदर्शिकेत दिला होता. १२० ग्रॅम धान्य म्हणजे दिवसभरात चार छोट्या पोळ्यांएवढं पीठ. भात, पोहे, उपमा, बिस्किटं, सगळं त्यातच आलं. याच संस्थेनं २०२४ साली काढलेल्या मार्गदर्शिकेत जवळपास अर्धं ताट भाज्या आणि फळांनी भरावं असं म्हटलं आहे. आता आपल्या मुलांचं ताट डोळ्यांसमोर आणा. पोळी-भात भरपूर आणि भाजी चटणीच्या जागी, चटणीएवढी. प्रमाण म्हटलं की आपल्याला ‘कमी खा’ असंच ऐकू येतं. खरं तर बऱ्याच मुलांना भाजी, डाळ, फळं आजच्यापेक्षा जास्त हवी आहेत.

पाकिटातला खाऊ आला की मुलाची ही जाणीव सर्वांत लवकर फसते. भाकरी भुकेच्या हिशोबानं मोडता येते, पाकीट मात्र कारखान्यानं ठरवलेल्या आकाराचं असतं आणि मूल ते तळाशी जाईपर्यंत खातं. त्यावर छापलेली रोजच्या गरजेची टक्केवारी प्रौढ माणसाच्या २००० कॅलरी धरून काढलेली असते. पाच वर्षांच्या मुलाची गरज साधारण १३५०च्या आसपास असते. म्हणजे पाकिटावर जो वाटा लहान दिसतो, तो मुलासाठी दीडपट मोठा असतो. म्हणून वेफर्स असोत की बिस्किटं, पाकीट मुलाच्या हातात देऊ नये. वाटीत काढून द्यावं आणि पाकीट बंद करून फडताळात ठेवावं. हा साधा नियम घरातल्या मोठ्यांनीही पाळला, तर तो मुलांना वेगळा शिकवावा लागत नाही.

हे सगळं बोलताना एक गोष्ट क्षणभरही विसरता येत नाही. ज्या महाराष्ट्रात काही घरांमध्ये मुलांचं वाढतं वजन ही चिंता आहे, त्याच महाराष्ट्रात २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार पाच वर्षांखालची सुमारे ३५ टक्के बालकं वयाच्या मानानं खुजी आहेत. त्यांच्या बाबतीत प्रमाणाचा अर्थ पुरेसं आणि वेळेवर मिळणं एवढाच आहे. शालेय पोषण आहार योजनेनं हे प्रमाण हक्क म्हणून लिहून ठेवलं आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, म्हणजे ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी, म्हणजे ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं. जिल्हा परिषदेच्या शाळेत मधल्या सुट्टीत ओळीनं बसलेल्या मुलांना खिचडी वाढणाऱ्या मदतनीस ताईकडे थोडा वेळ पाहावं. कोण सकाळी काही न खाता आलं आहे, हे तिला चेहऱ्यावरून कळतं. एखादं मूल ताट पुढे करून “ताई, अजून” म्हणतं, तेव्हा ती डाव भरून वाढते. दुसरं “ताई, थोडीच” म्हणतं, तेव्हा ती थोडीच वाढते आणि परतताना त्याला पुन्हा विचारते. प्रमाणाचं सगळं शास्त्र या वाढण्यात आहे. ‘अजून’ म्हणणाऱ्याला मिळालं पाहिजे आणि ‘पुरे’ म्हणणाऱ्याचं ऐकलं पाहिजे.

लहान मुलाचं पोटही लहान असतं. एका बैठकीत ते मोठ्यांइतकं खाऊ शकत नाही, म्हणून तीन जेवणं आणि मधे दोनदा काहीतरी पौष्टिक, अशी पाच वेळची आखणी बरी. अशक्त मुलाचा घास मोठा करण्यापेक्षा त्या घासात तूप, शेंगदाण्याचं कूट, अंडं घालून त्याचं बळ वाढवावं. आणि मूल पुरेसं खातंय की नाही, हे ताटावरून ठरवू नये. अंगणवाडीतल्या वाढीच्या तक्त्यावरची रेघ ते सांगते. रेघ वर चढत असेल आणि मूल खेळतं-हसतं असेल, तर निश्चिंत राहावं. रेघ आडवी झाली किंवा खाली वळली, तर आग्रह करत न बसता डॉक्टरांकडे जावं. आजारी मुलाची भूक त्याची गरज खरी सांगतेच असं नाही.

घरातल्या ज्येष्ठांनाही यात सोबत घ्यायला हवं. ज्या आजी-आजोबांनी १९७२चा दुष्काळ सोसला, मिलो ज्वारीच्या लाल भाकरीवर आणि सुकडीवर दिवस काढले, त्यांना ताटात उरलेलं अन्न पाहून यातना होतात. त्या यातनांचा आदर करावा. “आई, त्याला थोडंच वाढू या का? मागितलं की पुन्हा देऊ,” असं सुनेनं म्हटलं, तर सासूबाईंना ते पटतं, कारण त्यात अन्न वाया जात नाही.

आणि काही गोष्टी घरातून कायमच्या हद्दपार कराव्यात. कुणाला जाड्या म्हणू नये, कुणाला काडी म्हणू नये. बहिणीच्या पोळ्यांशी भावाच्या पोळ्यांची तुलना करू नये. भाजी संपवली तर श्रीखंड, असा सौदा करू नये. त्या सौद्यात भाजी ही शिक्षा होते आणि श्रीखंड हे बक्षीस. सणाला पुरणपोळी असेल, तर मुलाच्या ताटातही पहिल्यापासून चतकोर पुरणपोळी वाढावी, वरण-भाताच्या शेजारी, तितक्याच सहजतेनं.

ज्या मुलाला आपली भूक ओळखता येते, त्याला पुढे दुकानातल्या मोठ्या पेल्याचा मोह आवरणं सोपं जातं, आणि उपाशी सोबत्याची भूकही त्याला लवकर कळते. एवढी मोठी देणगी द्यायला पैसा लागत नाही, थोडा धीर लागतो. आज रात्रीच्या जेवणापासून सुरुवात करू या. ताटात नेहमीपेक्षा थोडं कमी वाढू या, सगळ्यांनी एकत्र बसू या, मूल मागेल तेव्हा आनंदानं पुन्हा देऊ या. आणि ते “पुरे” म्हणेल, तेव्हा हातातला चमचा खाली ठेवू या.